घासलेला मटका

पायलची वेणी घालताना रितिकाचा एक कान मागच्या आंगणात होता. नवरा, जितेंद्र, गेल्यापासून तिला ती खोडच लागली होती. हात एका कामात, कान दुसरीकडे. गॅसचं बटण बंद आहे ना, पायलचा खोकला सुका की ओला, दाराशी चप्पल वाजली ती कोणाची. आंगणातून खस्स खस्स घासल्याचा आवाज येत होता. सासूबाई परात घासताहेत, असं मनाशी म्हणून तिने एका वेणीला रिबिनीची गाठ मारली.

आज परात लख्ख हवीच होती. कामठीला कोणाच्या तरी नातवाचं नामकरण होतं, आणि भैयाजी केटररने पहिल्यांदाच तिला अख्ख्या पंगतीच्या लांब रोट्या, म्हणजे मटक्यावरच्या पातळ पोळ्या, सांगितल्या होत्या. दुपारी त्याची गाडी येणार होती. "पंगत जमली त सारी लगीनसराई तुमची, बाई," तो म्हणाला होता. "नाही जमली त माह्यापाशी मशीनच्या रोट्या हायेच." आजवर ती रविवारच्या बाजारात ठेला लावायची, पाऊस आला की घरी बसायची, पायलला ताप आला की घरी बसायची. लगीनसराई हाती आली असती तर पायलला येत्या जूनमध्ये शाळेत घालता आलं असतं. एवढंच तिला हवं होतं, आणि एवढ्याचीच तिला धास्ती होती.

"आई," पायल आरशातून बघत म्हणाली, "आजीनं मले मोठ्या आईला सांगायला लावलं की दहाची बस चौकातून जाते."

"मग सांगितलंस?"

"हो. मोठी आई म्हणाली, बरं."

मोठी आई म्हणजे कामिनी, रितिकाची थोरली जाऊ. काल दुपारी ती दारात उभी राहिली तेव्हा रितिकाने आधी तिला ओळखलंच नव्हतं. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हाताने कमरेवर पेललेलं गव्हाचं लहान पोतं. रविंद्रने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, राहतं घर परस्पर विकलं होतं आणि तो रायपूरला निघून गेला होता. नवा मालक कुलूप घेऊन आला तेव्हा कामिनीला ते कळलं. माहेरी गेली, तर वहिनीने मळणीचे नवे गहू बांधून दिले आणि वाटेला लावलं. आता बुटीबोरीला कंपनीत असलेला एक चुलतभाऊ तेवढा उरला होता; सकाळच्या बसने ती त्याच्याकडे जाणार होती.

त्याच घरातून दोन वर्षांपूर्वी रितिका बाहेर पडली होती. जितेंद्र हिंगण्याहून दुसरी पाळी करून परत येताना ट्रकखाली गेला, आणि त्याच्या मागे झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीची सतरंजी घडी व्हायच्या आत रविंद्र म्हणाला होता, "वरची खोली भाड्यानं द्यायची हाये." कामिनी तेव्हा पडद्याला धरून उभी होती. काही बोलली नव्हती. बोलल्या त्या सासूबाई, कौसल्याबाई. त्यांनी खुंटीवरची आपली पिशवी काढली आणि पायलला कडेवर घेतलं. "ज्या घरात माह्या जितूच्या लेकरासाठी जागा नाही, त्या घरात माही काय गरज?" त्या दिवसापासून त्या थोरल्या सुनेशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. काल तिला दारात पाहूनही नाही. जे काही सांगायचं ते पायलच्या तोंडून. "पायल, विचार, जेवली का." "पायल, सांग, चादर पेटीवर हाये."

"अवं माय! रितिका! वं रितिका, धाव!"

हाक कौसल्याबाईंची होती. फणी पायलच्या केसांतच राहिली. रितिका धावली.

आंगणात, मोरीच्या कडेला, कामिनी उकिडवी बसली होती. शेजारी काथ्याचा चोथा, बोटं अजून राखेने माखलेली. समोर चुंबळीवर मटका होता. विहारातल्या नत्थूजींनी, पत्नी पार्बताबाईच्या नावाने, दिलेला मटका. काल रात्रीपर्यंत तो बाहेरून गडद, तेलकट, हात फिरवला तर रेशमासारखा लागायचा. आता तो लालभडक होता. कुंभाराच्या दारातून आत्ता उचलून आणावा तसा.

"घासला," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "पार्बताबाईचा मटका घासला हिनं. सारी जिंदगी त्या बाईनं ज्याच्यावर रोट्या टाकल्या, थो घासून ठेवला."

"मला वाटलं..." कामिनी म्हणाली.

"पायल, विचार तिले, काय वाटलं?"

पायल दारात आली होती, दुसरी वेणी अर्धीच. तिने मोठ्या आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि वेणीचं टोक तोंडात धरलं.

रितिकाने वाकून मटक्याच्या अंगावर तळवा टेकवला. खरखरीत. पालथ्या मटक्याच्या आत जाळ घालायचा आणि पाठीवर रोटी टाकायची, असं ते काम. पाठीवर तेलामिठाचा थर बसला असेल तरच ओलं, सैल पीठ कापडासारखं पसरतं आणि अलगद सुटतं. थर नसला की रोटी चिकटते, फाटते. तिच्या डोळ्यांसमोर कामठीची पंगत आली, रिकाम्या पत्रावळी आल्या, भैयाजी कोणाला तरी फोन लावून म्हणतोय, पाठवा गा मशीनच्या. ती तिथेच पायरीवर टेकली.

"मुद्दाम केलं," कौसल्याबाई म्हणाल्या. "तिचं घर बुडालं, आता आपलं बुडवून राहिली. तेव्हा तोंड नाही उघडलं, आता हात उघडला."

"आई, थांबा जरा."

"काहून थांबू? दोन वर्षं तू या मटक्याले लेकरासारखं जपलं. मी पाहिलं ना. बोटं भाजली, पायलले आंगणात फिरकू नाही दिलं, नत्थूजी भाऊ आले की पहिल्यांदा मटका दाखवायची त्यायले. आज रविवार. येतीनच आता थे. काय दाखवशीन?"

कामिनी उठली. राखेचे हात तिने लुगड्याला पुसले नाहीत, तसेच अधांतरी धरले. "मी निघते," ती म्हणाली. "दहाची बस आहे ना."

ती आत पिशवी घ्यायला गेली. रितिकाला तिला थांबवायचं होतं की नाही, हे तिचं तिलाच कळेना. खरं तर काल दुपारपासून ती हेच घोळवत होती. एक खोली, तीन जीव, चौथा कुठे मावणार? आणि तो पडदा, ती धरलेली किनार, ते न बोलणं. पण जाळाशी आणखी दोन हात असते तर, हाही विचार आलाच होता, आणि आला म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली होती.

"आई," पायल मटक्यात डोकावून म्हणाली, "आत गहू आहे."

"काय आहे?"

"गहू. हा बघ." तिने होते तेवढे मुठीत बाहेर काढले.

रितिकाने तिच्या तळव्यावरचे दाणे पाहिले. टपोरे, सोनेरी, नव्या हंगामाचे. घरातले गहू रेशनचे होते, बारीक आणि मळकट. हे त्या लहान पोत्यातले.

सासरच्या घरी पहिल्याच आठवड्यात तिला शिकवलेली एक गोष्ट आठवली. सणासुदीचं, नाहीतर दुसऱ्याचं भांडं घासलं की ते रितं ठेवायचं नाही. तांदूळ, गहू, काही नाही तर साखरेचे चार दाणे, पण आत काहीतरी घालून ठेवायचं. शिकवलं होतं कौसल्याबाईंनी. आणि त्यांच्या शेजारी उभं राहून, कसं ठेवायचं ते करून दाखवलं होतं कामिनीने.

"आई, हे पाहा."

"काय पाहू?"

"मुद्दाम घासला असता तर त्यात गहू घातला असता का? तुमच्याच घरची रीत आहे ही. दुसऱ्याचं भांडं मळकं देऊ नये, रितं देऊ नये." रितिकाला आपला आवाज चढलेला ऐकू आला. सासूबाईंसमोर तो कधी चढला नव्हता. "एका रात्रीचा आसरा दिला म्हणून बाई सकाळी उठली आणि घरातलं सगळ्यात काळं भांडं शोधून घासत बसली. तिला काय माहीत मटक्याचं? तिनं तवाच पाहिला आहे जन्मभर. आणि तिच्या घरून तिच्याकडे उरलं काय आहे? ते एवढंसं पोतं. त्यातले दिले तिनं."

कौसल्याबाईंनी दाणे पाहिले. तोंड फिरवलं. मग भट्टीपाशी जाऊन बसल्या.

"जयभीम, कौसल्याबाई! जाळ काहून नाही दिसून राहिला आज?"

फाटकातून नत्थूजी आत आले. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, हातात नेहमीची सायकलची पिशवी. दर रविवारी पहिली रोटी त्यांची असे. पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्शात बुडवून ते ती खात, हात धुताना म्हणत, "आज पार्बताच्या हातची याद आली," आणि निघून जात. दोन वर्षांपूर्वी, पत्नीच्या पुण्यानुमोदनाला विहारात आलेल्या सगळ्यांदेखत त्यांनी हा मटका आणि लोखंडी भट्टी रितिकाच्या पुढ्यात ठेवली होती. त्याच महिन्यात विहारातल्या बायांनी आणलेली किराण्याची पिशवी कौसल्याबाईंनी उंबरठ्यावरून परत पाठवली होती. "अजून हात-पाय चालते आमचे," म्हणून. पण गेलेल्या माणसाच्या नावानं दिलेलं दान कोण परत करतं? मटका घरात आला, आणि त्याच्याबरोबर चूलही पेटली.

नत्थूजींची नजर मटक्यावर गेली. कामिनी पिशवी खांद्याला लावून दारात आली आणि तिथेच थबकली.

"काकाजी," रितिका म्हणाली. "मटका घासला गेला. चूक... आमच्या घरची आहे. काकूंची एवढी आठवण, एवढी वर्षं त्यांनी..."

"कोणी घासला?"

"मी," कामिनी म्हणाली.

नत्थूजी खाली बसले. मटका उचलून त्यांनी चारी बाजूंनी फिरवला, टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला. मग ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. दुपट्ट्याने त्यांनी डोळे पुसले.

"अवं पोरी, कायची पार्बता! पार्बताचा मटका त ती असतानाच फुटला होता. मांजर पडलं त्याच्यावर. बारा गावच्या शिव्या खाल्ल्या होत्या मांजरानं."

"मग हा?"

"हा कुंभारपुऱ्यातला. पुण्यानुमोदनाच्या आधी आणला मीच. तेलाचा हात दिला, भुशाच्या धुरात ठेवला, काळा झाला. आता विचार, काहून?" त्यांनी कौसल्याबाईंकडे चोरटा कटाक्ष टाकला. "नवा आणून दिला असता त तुह्या सासूनं किराण्यासंगं वापस पाठवला असता. मंग पार्बताले सांगितलं, तू त गेली बाई, आता एवढं नाव वापरू दे. तिनं काही ना नाही केली."

रितिकाला पहिले दिवस आठवले. ओळीने फाटलेल्या रोट्या, पिठाचे गोळे, कुत्र्यालाही पुरून उरलेला तो ढीग. तेव्हा रोज रडत ती स्वतःला सांगायची, मटका सारी जिंदगी चाललेला आहे, त्यात खोट नाही, म्हणजे खोट माझ्या हातात आहे. आणि हातातली खोट निघते. मटका नवा आहे हे तेव्हा कळलं असतं, तर तिने सगळं मटक्यावर लोटलं असतं आणि कुठल्याशा दुकानात बिलं फाडायला गेली असती. बी.कॉम. होतीच की ती.

"म्हणजे तो थर," ती हळूच म्हणाली, "तो काकूंचा नव्हता."

"तुहाच होता वं. सारा तुहा. दोन वर्षांचा."

तिला हसू येत होतं आणि रडूही. मग तिला सासूबाईंची आठवण झाली आणि ती दचकली. मानी बाई. दोन वर्षं आपण फसवून पदरात घातलेल्या दानावर जगलो, हे त्यांना कसं लागेल? तिने घाबरत वर पाहिलं.

कौसल्याबाई भट्टीतली राख उकरत होत्या.

"मले त त्याच दिवशी समजलं होतं," मान वर न करता त्या म्हणाल्या.

नत्थूजींचं हसू थांबलं. "काय?"

"घरी आणला, आतून हात फिरवला, बोटाले नव्या मातीचा वास आला. जुन्या मटक्याले मातीचा वास राह्यते का, भाऊ? तुमी काय मले शहरातली समजता?"

"मंग बोलल्या काहून नाही?"

कौसल्याबाईंनी राखेचं टोपलं बाजूला सरकवलं. "काय बोलू? माणसानं माह्या मानासाठी एवढं सोंग घेतलं. मेलेल्या बायकोले खोटं बोलायले लावलं. घरात लेकरू उपाशी, सून दाराआड रडते, अन् मी त्याले चारचौघांत उघडं पाडू? किराणा परत केला त्या रात्री मले झोप नाही आली. मी वाट पाहून राहिली होती, कोणी असं देईन का, का मले घेता येईन. तुमी दिलं." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि लगेच खाली टाकला. "दर रविवारी मनातल्या मनात तुमाले जयभीम करतो मी. आज तोंडानं करतो."

नत्थूजींनी पिशवी उगाच उघडली, बंद केली.

"त आता," ते खाकरून म्हणाले, "जाळ घाला. धीमा घाला आधी, घासलेला मटका ओला राह्यते. मिठाच्या पाण्याचा हात मारा, मंग तेलाची चिंधी. पयल्या रोट्या फाटतीनच, त्या मले द्या. मी काही पंगतीतला पाहुणा नाही."

रितिका उठली. मनात तिने वेळेचा अंदाज घेतला. एकीने मटक्याशी बसून थर धरवायचा. एकीने जाळ सांभाळायचा. आणि पीठ? पीठ आपटून आपटून दोरीसारखं लांब होईस्तोवर मळायचं म्हणजे सकाळ जाते, आणि ते आजवर तीच करायची, मटका तापेपर्यंत. दोघींत हे बसत नव्हतं.

कामिनी अजून दारातच होती.

"आई," रितिका म्हणाली. तिने मुद्दाम सासूबाईंना विचारलं, कामिनीला नाही. "परातीवर मला आज दोन हात हवे आहेत."

कौसल्याबाईंनी काडी ओढली. चिपाडाला लावली. जाळ धरला, तसं आणखी एक चिपाड आत सरकवलं. लांबून, चौकातून, बसचा हॉर्न आला. कामिनीने पिशवीचा बंद घट्ट धरला. त्या दिवशी पडदा धरला होता तसाच. रितिकाला ते दिसलं, आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की तेव्हाही ही बाई कदाचित पडण्याच्या भीतीनेच धरून उभी होती.

"पायल," कौसल्याबाई म्हणाल्या, "तुह्या मोठ्या आईले सांग..."

पायल पुढे सरसावली. निरोप नेण्यात ती आता पटाईत झाली होती.

"राहू दे," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली आणि थेट दाराकडे पाहिलं. "कामिनी, पाहून काय राहिली वं? हात धू, राख लागली हाये. अन् पीठ आपटायचं, कुरवाळायचं नाही. माह्या घरात आली तेव्हा तुह्या पोळ्या कडक व्हायच्या, आठवते मले."

कामिनीने पिशवी खाली ठेवली. ती रडेल असं रितिकाला वाटलं, पण ती मोरीवर गेली, कोपरापर्यंत हात धुतले आणि परातीशी बसली. पहिला फटका असा पडला की नत्थूजी दचकले.

"अरे बापा," ते म्हणाले. "कोणाचा राग काढून राहिली?"

"आहे एक रायपूरले," कामिनी म्हणाली.

कौसल्याबाई हसल्या. तोंड जाळाकडे होतं, पण हसल्या.

पहिली रोटी फाटली. दुसरी चिकटली, उलथन्याने खरवडून काढावी लागली. तिसरीच्या मधोमध नत्थूजींची मूठ जाईल एवढं भोक पडलं. त्यांनी ती तशीच ताटात घेतली, रश्शात बुडवली, डोळे मिटून खाल्ली. रितिका चिंधी फिरवत राहिली, मीठ, तेल, पुन्हा मीठ. मटक्याची लाली हळूहळू तपकिरी व्हायला लागली. कामिनीने दिलेलं पीठ तिने दोन्ही हातांवर घेतलं, कोपरापर्यंत सोडलं, ते ओढणीसारखं लोंबलं आणि तुटलं नाही. मटक्यावर टाकलं. फुगे आले. कडेला बोट लावलं आणि रोटी सुटली, अख्खी, अलगद, पलीकडचा जाळ दिसावा इतकी पातळ.

कामिनीने पुढचं पीठ पुढे केलं.

भैयाजीची गाडी गल्लीत वाजली तेव्हा टोपली भरून कापडाने झाकलेली होती, आणि त्याचा माणूस एका रोटीचा कोपरा फाडून तोंडात टाकत "बढिया" म्हणून टोपली उचलून गेला. नत्थूजीही निघाले. जाताना पार्बताच्या हातची याद आली, असं ते आज म्हणाले नाहीत. "पोरींनो, आज मस्त झाल्या," एवढंच म्हणाले.

पायल पायरीवर झोपेला आली होती. फ्रॉकच्या ओच्यात तिने मटक्यातले गहू सकाळपासून जपून ठेवले होते. कौसल्याबाईंनी ते एकेक वेचून ओंजळीत घेतले. कामिनीचं पोतं दाराशीच, पिशवीजवळ उभं होतं. दाणे त्यात परत जातील असं रितिकाला वाटलं. सासूबाई त्याच्याजवळून पुढे गेल्या. पाटावर चढून त्यांनी घरच्या गव्हाच्या डब्याचं झाकण काढलं आणि ते टपोरे दाणे रेशनच्या गव्हांवर सोडले.

मग झाकण लावायच्या आधी त्यांनी हाताने सगळे एकत्र कालवले.